शुक्रवारी नीट बोलणारा रेडिओ

माझ्या आत्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, पितृपक्षातल्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, डोंबिवलीतल्या कोपरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर. सोसायटीची सभा होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी कप आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी आत्या. तिला कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही, असं मी एका पत्रकात लिहिणार होते. पण ते खरं नाही. खुर्ची दिलेली. तीच बसली नाही.

ठराव असा झाला, की चौथ्या मजल्यावरच्या ज्येष्ठ सभासद बाईंना यापुढे घरात एकटं ठेवू नये आणि त्यांच्या मुलाने दिवाळीच्या आत त्यांची दुसरीकडे सोय करावी. सगळ्यांनी हात वर केले. तिच्या मुलानेही केला; तेवढ्यासाठी तो कंपनीतून दोन तासांची सुट्टी काढून आला होता.

कारण होतं. ते लपवणार नाही. श्रावणात सोसायटीने जिन्यात नवे दिवे बसवले, एरवी मंद जळणारे, माणूस आला की आपोआप उजळणारे. आत्याने एका संध्याकाळी मीटररूममध्ये जाऊन जिन्याचं बटण बंद केलं. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी अंधारात पायरी चुकल्या आणि त्यांच्या मनगटाला प्लास्टर आलं. सभेत आत्याला विचारलं, बटण का बंद केलंत?

"माजा रेडिओ खरखरतो. ह्या दिव्यांनी," आत्या म्हणाली. "बंद करून बगत होते."

"रोज खरखरतो?"

"शुक्रवारी नाय. शुक्रवारी नीट बोलतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "शुक्रवारचा उपवास धरतो वाटतं." गच्चीभर हसू पसरलं. त्या हसण्यातच ठरावाचं नक्की झालं. लिहायचं काम नंतर झालं.

मी तिथे होते. मी हसले नाही, पण शुक्रवारचं मलाही कळलं नव्हतं.

आता आमच्याबद्दल. आम्ही मूळचे इथलेच. आजोबांची जमीन होती, त्याआधी घरातली माणसं मिठागरावर राबायची. जमिनीवर इमारत उभी राहिली तेव्हा माझ्या बाबांनी चौथ्या मजल्यावरचं घर बहिणीच्या नावावर केलं. बाबा गेल्यावर आई आणि मी ठाण्याला, कोपरीत राहायला गेलो. आत्याचा मुलगा, माझा दादा, कल्याणला राहतो आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला आहे. आत्या एकटी आणि खुशीत. डोळ्यांत काचबिंदू, त्यामुळे टीव्हीचा उपयोग नाही. उपयोग एकाच गोष्टीचा: मध्यम लहरीवरचा रेडिओ. तरुणपणी मिठागराच्या बांधावर खांबाला अडकवलेला रेडिओ ऐकत तिने फावडं ओढलंय. शाळेत ती गेलीच नाही. जगाविषयी तिला जे ठाऊक आहे ते सगळं त्या एका भोकातून आत आलंय. वाद झाला की ती म्हणते, "रेडिओवर सांगितलाय," आणि विषय संपतो.

आणि मी? मी पत्रकं काढणारी. हळदीतले डीजे, मंडपातल्या भिंतीएवढ्या स्पीकरच्या रांगा, यांच्याविरुद्ध. आमच्याच समाजातल्या हळदी सगळ्यात जोरात वाजतात, म्हणून सुरुवात घरापासून केली. दादाच्या हळदीला मी दारात उभं राहून पत्रकं वाटलेली. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे कामापुरतं. सांगायचा मुद्दा, आत्याची बाजू घ्यायला सगळ्यात चुकीचं माणूस कोण असेल, तर मी. मी 'आवाज' म्हटलं की लोक डोळे फिरवतात.

सभेनंतर जिन्यातच दादाला गाठलं.

"तू हात वर केलास?"

"मग काय करू? उद्या लिफ्टचं बटण बंद करेल. गॅस चालू ठेवेल. आंबिवलीच्या पुढे एक आश्रम आहे, चांगला आहे, मी बघून आलोय."

"अरे, रेडिओ खरंच खरखरतो. मी ऐकलाय."

"मी पण ऐकलाय ना. एकदम क्लिअर असतो. नवा पण आणून दिला, तो पण क्लिअर. मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं, ते पण क्लिअर, पण तिला त्यातली बटणं दिसत नाहीत म्हणे. ती मुद्दाम करते. मी घरी यावं म्हणून. मला म्हणते, तू येतोस तेव्हा नीट बोलतो. आता याला काय म्हणायचं?"

"दादा, खरखरतो. झारीतून वाळू पडल्यासारखा."

"तू गप्प बस. तुला जिथे तिथे आवाज ऐकू येतो."

आम्हा दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. मला वाटायचं तो, त्याला वाटायचं मी. दोघंही खरं बोलत असू, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतलीय. ठाण्याच्या कॉलेजात. अ‍ॅनालॉग कम्युनिकेशन नावाचा विषय होता आणि त्यात नॉइज डेन्सिटी हा हमखास येणारा पाच मार्कांचा प्रश्न. सर वहीतून सांगायचे, आम्ही वहीत उतरवायचो. दर एक हर्ट्झमागे गोंगाटाची ताकद किती, ती नॉइज डेन्सिटी. ती गुणिले बँडविड्थ म्हणजे एकूण नॉइज. पाचपैकी पाच मिळाले. त्यातलं एक अक्षरही मला समजलेलं नव्हतं, आणि सरांनाही समजलं असेल याची मी खात्री देत नाही. आमच्याकडे असंच शिकवतात. चार वर्षं गोंगाटावर उत्तरं लिहिली आणि खरखरणारा रेडिओ समोर आला तेव्हा मी काय केलं?

बूस्टर आणला.

डोंबिवलीत वाढलेल्या कुणालाही विचारा. केबलच्या दिवसांत टीव्हीवर मुंग्या आल्या, की बूस्टर. तरीही मुंग्या, तर अजून एक बूस्टर. प्रत्येक घराच्या खिडकीत ती पेटी लटकलेली असायची. कल्याणच्या दुकानदाराने मला रेडिओसाठीचा बूस्टर दिला आणि म्हणाला, "लावा मॅडम, एकदम झकास." मी आत्याच्या बाल्कनीत वायर ताणली, पेटी जोडली. निवेदिकेचा आवाज वाढला, खरखर तिच्याहून जास्त वाढली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू त्या राक्षसाला जेवाय घातलंस."

मी पेटी काढली. त्या संध्याकाळी सेक्रेटरी काकांना वर घेऊन आले. हे तिसऱ्या मजल्यावर राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त, शुद्ध बोलतात आणि खरंच जाणकार आहेत. त्यांनी रेडिओ हातात घेतला, कानाला लावला, काटा दोन्हीकडे फिरवला.

"खरखर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे आत्या बरोबर आहे."

"थांब. खरखर वाढली म्हणजे गोंगाट वाढला, असं होत नाही. स्टेशन क्षीण झालं, की रेडिओ आतल्या आत स्वतःची पट्टी चढवतो, म्हणजे येईल ते मोठं करतो. तशी सोयच असते त्यात. पट्टी चढली की मुळातली खरखरही वर येते. ही जुनी केंद्रं आता कोण सांभाळतंय? हे तुला शिकवलं असेल."

"शिकवलंय."

"मग दिव्यांना दोष कसा देतेस? संदेश आणि गोंगाट यांचं ते गुणोत्तर असतं. गुणोत्तर बिघडलंय, हे मान्य. वरचा आकडा घसरला की खालचा वाढला, हे सिद्ध कर."

मला राग आला, कारण ते बरोबर बोलत होते. मी रात्रीचं जेवण न घेताच निघाले. कोपरीला पोचेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. काका म्हणतात स्टेशन मेलंय. दादा म्हणतो स्टेशन एकदम क्लिअर आहे. दोघं एकमेकांना खोटं पाडत होते. पण शिक्षा एकाच बाईला, आणि त्यावर दोघांचं एकमत. असं पत्रकात लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. पण पत्रकाने आत्या वाचणार नव्हती. दिवाळी जवळ येत होती.

जुन्या नोट्स काढल्या. माझ्याच सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं. वाचत होते आणि बसवत नव्हतं. घरात इकडून तिकडे. आई म्हणाली, "बस की जरा, मला चक्कर येईल." मी गॅलरीत गेले, परत आले. आणि मग एकदाचं ते मिठागरावरून समजलं, वहीवरून नाही.

मी चालू मिठागर फारसं पाहिलेलं नाही, पण आत्याने इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. शेजारीशेजारी वाफे, त्यात खाडीचं पाणी, वर ऊन. मीठ धरायला आलं आणि अवकाळी पाऊस पडला, की सगळं गेलं. तो पाऊस कुठल्या एका वाफ्यावर पडत नाही. फुटाफुटावर सारखा पडतो. फुटामागे किती पडतो, ती झाली डेन्सिटी. आता तुम्ही किती रुंद वाफा उघडा ठेवलाय त्यावर तुमच्याकडे पाणी किती साचणार हे ठरतं. मीठ जर एकाच वाफ्यात असेल, तर शेजारचे दोन उघडून मीठ वाढत नाही, पाणी तेवढं वाढतं. रेडिओचं हेच. निवेदिकेचा आवाज एका ठरावीक रुंदीत असतो. रेडिओ त्याहून जास्त रुंद उघडा असला, की फुकटचा पाऊस आत. आणि बूस्टर? बूस्टर म्हणजे मीठ आणि पाणी दोन्ही एकाच मोठ्या घमेल्यात भरणं. वजन वाढलं. मीठ तेवढंच.

पुढच्या रविवारी मी दादाने आणलेला नवा रेडिओ पुढ्यात घेतला. त्याच्या मागे एक छोटं बटण होतं, रुंद आणि अरुंद असं. अरुंद केलं. खरखर खरंच कमी झाली. पण निवेदिका गोधडी पांघरून बोलतेय असं वाटायला लागलं.

"कशी वाटतेय?" मी विचारलं.

"सर्दी झालीय तिला," आत्या म्हणाली. "पयला होता तो बरा."

बरोबर. वाफा फार अरुंद केला, तर मीठही बाहेर राहतं. पण मला हवं ते मिळालं होतं. खरखर वाफ्याच्या रुंदीबरोबर कमी-जास्त होत होती, म्हणजे ती पसरलेली होती. काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी नेला, तिथेही ती होती. स्टेशनांच्या पट्टीच्या या टोकाला, त्या टोकाला, सगळीकडे. आता एवढंच बघायचं राहिलं, की फुटामागचा पाऊस वाढलाय का, आणि वाढला असेल तर तो आपल्याच छपरावर पडतोय का.

"चल," मी आत्याला म्हटलं.

"कुठं?"

"खाडीवर."

रिक्षाने खाडीपर्यंत गेलो. बांधावर, इमारतींपासून लांब. सेलवरचा रेडिओ, तेच स्टेशन, काटा त्याच जागी. आवाज असा आला, जणू बाई शेजारी बसून बोलतेय. डाळिंबाच्या छाटणीबद्दल सांगत होती. मी लगेच निघायची घाई केली, कारण मला परत जाऊन जिन्यात ऐकायचं होतं. आत्या हलेना.

"थांब. डालिंब संपू दे."

"तुला डाळिंब लावायचंय कुठे?"

"बाल्कनीत. तुना काय?"

डाळिंब संपेपर्यंत उभी राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर. स्टेशन ठणठणीत होतं. वरचा आकडा जागेवर होता.

परतताना रेडिओ चालूच ठेवला. गेटपाशी बारीक खसखस. पहिल्या मजल्यावर दिवा उजळला आणि खसखशीची खरखर झाली. प्रत्येक मजल्यावर, दिव्याच्या खाली गेलं की ती अंगावर येत होती, पुढे सरकलं की जरा ओसरत होती. त्या दिव्यांच्या आत वीज बारीकबारीक तोडून वापरणारं स्वस्त सर्किट असतं. ते तोडणं म्हणजेच हा पाऊस. पूर्ण मध्यम लहरीवर, सगळ्या हर्ट्झवर, चोवीस तास. आमचा जिना दिवसाही काळोखा, त्यामुळे दिवे दिवसाही जागेच. बाहेर काही ऐकू येत नाही. ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याच्यासाठी तो आवाज नाहीच. त्या इमारतीत रेडिओ एकाच बाईकडे होता.

खाडीवरचं आणि जिन्यातलं, दोन्ही मी मोबाइलवर रेकॉर्ड करून दादाला पाठवलं. त्याचा फोन आला.

"दोन्ही सेमच आहे की."

मी ऐकलं. खरंच सेम. मोबाइल शहाणा असतो, तो बोलणं ठेवतो आणि सलग येणारी खरखर स्वतःच पुसून टाकतो. जो पुरावा हवा होता तोच त्याने साफ केला होता.

"दादा, एकदा रविवारी ये. प्लीज."

"रविवारी कंपनी चालू असते, माहितीये ना तुला. आणि आता यायचं म्हणजे तिला न्यायलाच. दसरा झाला की शुक्रवारी येतो. तिची बॅग भरून ठेव, तेवढं केलंस तरी खूप."

त्या शुक्रवारी मी रजा घेतली. भांडायलाच गेले होते. चौथ्या मजल्यावर पायी चढले, लिफ्ट बंद होती, जिना काळोखा. दार उघडंच. बॅग पलंगावर भरलेली. दोन्ही रेडिओ वर ठेवलेले, त्यातला जुना चालू. दादा घामाघूम होऊन खुर्चीत बसलेला, हातात जुन्या वर्तमानपत्राची घडी, वारा घेत.

"आली बघ आवाजवाली," तो म्हणाला. "ऐक. ऐक नीट. आहे का खरखर? बोल ना."

नव्हती. खाडीवरच्यासारखा स्वच्छ आवाज. मी या घरात इतका स्वच्छ कधीच ऐकला नव्हता. मी रविवारीच यायचे.

"आई, आता तू पण सांग. आहे खरखर?"

"नाय. आज शुक्रवार," आत्या म्हणाली.

"हे असं," दादा माझ्याकडे बघत म्हणाला. "हे असं बोलते. लोक हसणार नाही तर काय?"

"दादा, तू दर वेळी शुक्रवारीच येतोस?"

"मग कधी येणार? कंपनीला सुट्टी शुक्रवारची."

"आणि पंखा का बंद आहे?"

"लाइट नाहीये म्हणून. शुक्रवारी इथे लाइट कधी असते? सकाळपासून दुपारपर्यंत मेन्टेनन्स. तू काय आज आलीस का डोंबिवलीत?"

एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. आमच्या भागातली वीज देखभालीसाठी बंद ठेवतात तीही शुक्रवारीच. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. शुक्रवारी लोक टाकीत पाणी आधी चढवून ठेवतात, मिक्सरचं काम गुरुवारी उरकतात. गच्चीवरच्या त्या सभेतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, आणि आत्या 'शुक्रवारी' म्हणाली तेव्हा प्रत्येकाला उपवास आठवला.

"तू आता निघायचं नाहीस," मी म्हटलं.

"अगं, मला तीनपर्यंत तिकडे पोचायचंय."

"लाइट येईपर्यंत बस. मग ने तिला, मी बॅग उचलून खाली देते."

आत्याने कोरा चहा केला. दादा घड्याळ बघत होता. मी बाल्कनीत जात होते, परत येत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी जनरेटर बंद केला, की मला वाटायचं आली. नाही. दादाने टोमणा मारला, "पत्रकं आणली नाहीस का, वाचत बसलो असतो." मी पुन्हा बाल्कनीत गेले. आत्या तेवढी स्वस्थ होती. ती रेडिओ ऐकत होती. तिच्यासाठी तो शेवटचा शुक्रवार होता आणि तिला बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता.

मग पंखा हलला. फ्रिजने धक्का घेतला. उघड्या दारातून जिन्यातला दिवा उजळलेला दिसला, आणि त्याच क्षणी निवेदिकेचं वाक्य अर्ध्यातून वाळूत बुडालं.

दादाने रेडिओ उचलला. काटा फिरवला. दुसरा रेडिओ लावला, तोही तसाच. मग पहिल्यावर हाताने दोन थापा मारल्या.

"मारू नको रं," आत्या म्हणाली. "तेची काय चूक."

त्याने थापा थांबवल्या. रेडिओ टेबलावर ठेवला आणि खाली गेला, चपला न घालता. आम्ही दोघी ऐकत होतो. खरखर, खरखर, आणि एकदम आवाज. निवेदिका हवामान सांगत होती. पंखा चालूच होता, घरातली लाइट चालूच होती, फक्त जिना काळोखा. मग पुन्हा खरखर. पुन्हा आवाज. दादा खाली मीटररूममध्ये बटण वरखाली करत होता. त्याच्या आईने एकदा केलं ते त्याने किती वेळा केलं, मी मोजलं नाही.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनी भिंतीला धरून, बेतानेच उतरत आल्या. हाताचं प्लास्टर अजून होतं.

"कोण खेळतंय लाइटशी?"

"माजा पोरगा," आत्या म्हणाली.

वहिनी दारात थांबल्या. हवामान ऐकलं, खरखर ऐकली, परत हवामान ऐकलं. म्हणाल्या, "अगंबाई. म्हणजे खरंच होतं की." आणि मग जरा रागाने, "पण सांगून तरी बंद करायचं ना." हे त्यांचं बरोबर होतं. आत्याने मान हलवली आणि त्यांना खुर्ची दिली. वहिनी बसल्या.

सेक्रेटरी काकाही आले, गडबड ऐकून. दादा वर आला होता, दारात उभा, धापा टाकत. काकांनी स्वतः एकदा खाली जाऊन बटण बंद करून घेतलं, वर आले, रेडिओ कानाला लावला.

"स्टेशन उत्तम आहे," ते म्हणाले. "खालचा आकडा वाढलाय. दिवेच."

"मग ठराव मागे घ्या," मी म्हटलं.

"ठराव असा तोंडी मागे घेता येत नाही. पुढच्या सभेत विषय घ्यावा लागेल. आणि दिव्यांचं म्हणशील, तर ते सोसायटीने एकमताने बसवलेत. वीज वाचते."

"एका बाईचं घर गेलं असतं, काका."

"गेलं नाही ना," ते म्हणाले. शांतपणे, वाईट हेतूने नाही. म्हणूनच ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

दादाने बॅग उघडली आणि एकेक लुगडं कपाटात ठेवायला लागला. त्याला घड्या घालता येत नाहीत. आत्या बघत होती, हसू दाबत. माफी वगैरे काही तो म्हणाला नाही. निघताना दारात विचारलं, "बुधवारी शिफ्ट संपल्यावर आलो तर चालेल?"

"ये. पन तवा खरखरंल."

"माहितीये," तो म्हणाला.

आत्या आज त्याच घरात आहे. चौथ्या मजल्यावरचा दिवा दादाने स्वतः बदलून साधा लावला. बाकीच्या मजल्यांवर तेच दिवे आहेत. खरखर कमी झालीय, गेलेली नाही. ठराव अजून कागदावर आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले होते; सभा झाली, पार्किंगवर संपली. उद्या आत्याचं आणखी काही कुणाला पटलं नाही, तर तो कागद पुन्हा वर येईल. म्हणून हे लिहितेय.

मी आजवर मोठ्या आवाजांविरुद्ध ओरडत आले. मोठा आवाज सोपा असतो, तो सगळ्यांना ऐकू येतो आणि त्याच्यावर भांडता येतं. हा दुसरा गोंगाट थोडाथोडा करून सगळीकडे पसरलेला असतो, प्रत्येक हर्ट्झवर चिमूटभर. कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. जो ऐकायला बसलाय फक्त त्यालाच तो कळतो, आणि त्यालाच आपण वेडा ठरवतो. तुमच्या इमारतीतही ते दिवे आहेत. बघा वर.

आता तुम्हाला सांगते, विनंती म्हणून नाही. सेलवर चालणारा एक रेडिओ मिळवा. शेजारच्या म्हाताऱ्याकडे असेल, मागा. मध्यम लहरीवर दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवा आणि तुमच्या जिन्यातून वरपासून खालपर्यंत चाला. जिथे वाळू पडल्यासारखी वाटेल, तिथला दिवा लक्षात ठेवा आणि तुमच्या कमिटीकडून तो बदलून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, की मला एक आवाज त्रास देतोय जो तुम्हाला ऐकू येत नाही, तर डॉक्टरकडे, आश्रमाकडे, सभेकडे जायच्या आधी त्याच्या शेजारी बसा. तुमच्या सोयीच्या वारी नको, तो सांगेल त्या वारी. जिन्यात कुणी नाही ना, ते बघा. सगळ्यांना सांगा. मग जिन्याचा मेन स्विच बंद करा आणि ऐका.